फोर्थ ऑफ जुलै, मुक्काम पोस्ट मालेगाव

भिंतीवर कालनिर्णय असलं तरी आमच्या ऑफिसातल्या सुट्ट्या फिलाडेल्फियाहून येतात. नोव्हेंबरातल्या कुठल्यातरी गुरुवारी तिकडे टर्की भाजतात म्हणून आम्ही इकडे घरी लोळतो, आणि नारळी पौर्णिमेला आई नारळीभात करून वाट बघत असते तेव्हा आम्ही कॉलवर असतो. ज्यांचा क्लायंट यूएसचा आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको! तर २०२५ साली फोर्थ ऑफ जुलै चक्क शुक्रवारी आला. सलग तीन दिवस. नो कॉल्स, नो टिकेट्स. लोणावळा डोक्यात आलं आणि तिथलं ट्रॅफिक आठवून लगेच गेलंही.

"माझ्या घरी चला," आमचा मालेगावकर म्हणाला. "शुक्रवारी आमच्याकडेपण सुट्टी असते."

"फोर्थ ऑफ जुलैची?"

"दर शुक्रवारची. लूम बंद असतात."

टीममध्ये त्याला सगळे मालेगावकरच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. टेस्टिंगमधली आमची कोल्हापूरकरीण लगेच तयार झाली, कारण तिला कुणीतरी तिथल्या सीख कबाबांबद्दल सांगितलं होतं. बाकी सगळ्यांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "मालेगाव? फिरायला??"

प्रश्नात चूक काही नाही. मालेगाव म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे बातम्या. २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट, कर्फ्यू, कोर्ट. (२००८ च्या खटल्याचा निकाल आम्ही जाऊन आल्यावर महिन्याभरातच, ३१ जुलै २०२५ ला लागला. सातही आरोपी निर्दोष सुटले.) आणि दुसरी 'मालेगाव के शोले', म्हणजे गावातल्या पोरांनी खिशातले पैसे घालून काढलेले सिनेमे, ज्यांच्यावर आधी डॉक्युमेंटरी आली आणि मग मोठा हिंदी सिनेमाही. तिसरी गोष्ट कुणाला सांगता येत नाही. मलाही येत नव्हती. म्हणून गाडीत बसायच्या आधी मी नाशिक जिल्ह्याच्या १८८३ सालच्या जुन्या गॅझेटियरची पीडीएफ फोनवर उतरवून घेतली. मागच्या सीटवर बसून गॅझेटियर वाचणारा माणूस म्हणून माझी पुढचे २७० किलोमीटर यथेच्छ टिंगल झाली.

पुण्याहून रस्ता सोपा आहे. संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, येवला, मनमाड आणि मालेगाव. येवल्याच्या पुढे अंकाई-टंकाईची जोडी दिसते आणि मनमाडजवळ तो सरळसोट सुळका, ज्याचं खरं नाव हडबीची शेंडी आहे पण ज्याला अख्खं जग 'थम्सअप' म्हणतं. पावसाने डोंगर नुकते कुठे हिरवे व्हायला लागले होते. मनमाडनंतर पाऊण तासात आपण पोहोचतो.

आवाज बंद शहर

पोहोचलो तेव्हा दुपारची नमाज आटोपून गर्दी घरी परतत होती. मोहरमचे दिवस होते, कोपऱ्याकोपऱ्यावर सरबताच्या सबिली लागल्या होत्या, आणि गाडीची काच खाली केली की कुणीतरी हातात लाल सरबताचा ग्लास ठेवत होतं. पैसे विचारणंही वेडेपणाचं.

"हे आमचं गाव नाहीये," मालेगावकर म्हणाला. "आमचं गाव उद्या सुरू होईल, मग कळेल."

दुसऱ्या दिवशी कळलं! सकाळी सहाला मला वाटलं, जवळून मालगाडी चाललीये. ती गेलीच नाही. प्रत्येक गल्लीत, घरांच्या तळमजल्यांवर, पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग एका लयीत धडधडत होते. २०११ च्या जनगणनेत पावणेपाच लाखांच्या आसपास वस्ती असलेलं हे शहर, आणि त्यातलं बहुतेक घर कुठल्यातरी धाग्याने मागाला बांधलेलं. चाचा, म्हणजे मालेगावकरचे वडील, चाळीस वर्षं लूमवर होते. आता कान कमी ऐकतात. त्यांचं म्हणणं, शुक्रवारी दुपारी त्यांना झोप लागत नाही. "शांततेचा आवाज फार होतो," ते म्हणाले. हे वाक्य मी बनवलेलं नाही, खरंच तसंच म्हणाले.

पण शुक्रवार संध्याकाळचं आधी सांगतो, कारण किल्ला आम्ही तेव्हाच बघितला.

नारोशंकरांचा किल्ला

मोसम नदीच्या काठावरचा हा भुईकोट. डोंगरावर चढायचं नाही, धापा टाकायच्या नाहीत, बाजारातून चालत चालत किल्ल्यात. नारोशंकर राजेबहादूर या पेशव्यांच्या सरदाराने १७४० च्या सुमारास तो बांधायला घेतला. हे तेच नारोशंकर, ज्यांचं देऊळ नाशिकला गोदाकाठी आहे आणि ज्यांची घंटा प्रसिद्ध आहे. ती घंटा वसईच्या पोर्तुगीजांकडून आली. माणूस फिरलाही भरपूर, झाशीची सुभेदारीसुद्धा केली. मालेगावचा किल्ला म्हणजे त्यांचं घरचं काम. दुहेरी तटबंदी, बुरूज, भोवती खंदक, एका अंगाला नदी.

आज आत शाळा भरते. खंदकाच्या कडेला घरं आली आहेत, तटाच्या दगडांत पिंपळ उगवलेत, आणि नदीत पाण्यापेक्षा इतरच गोष्टी जास्त आहेत. स्वच्छ सांगतो, फोटोसाठी जाणार असाल तर निराश व्हाल. इन्स्टावर टाकण्यासारखा एकच अँगल आहे आणि त्यातही मागे कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले येतात.

पण गॅझेटियर हातात असेल तर गोष्ट वेगळी. तटाच्या सावलीत उभं राहून मी वाचायला लागलो आणि ज्यांनी दिवसभर माझी टिंगल केली तेच "पुढे?" म्हणायला लागले.

मे १८१८. पेशवाई संपत आलेली. एल्फिन्स्टनने फेब्रुवारीतच साताऱ्याहून जाहीरनामा काढून मुलूख कंपनीचा झाल्याचं सांगून टाकलेलं. लेफ्टनंट कर्नल मॅकडोवेल नावाचा अधिकारी खानदेश-नाशिककडचे किल्ले एकेक करून घेत सुटला होता. राजदेहेर, त्र्यंबक, हे तर एप्रिलमध्येच पडले. डोंगरी किल्ले इतक्या पटापट येतायत म्हटल्यावर सपाटीवरचा मालेगाव म्हणजे काय, दोन दिवसांचं काम!

लागला जवळजवळ महिना. किल्ल्यात राजेबहादूरांपेक्षा त्यांच्या अरब शिबंदीचा हुकूम चालत होता, आणि अरब हटायला तयार नव्हते. मेच्या मध्यावर वेढा पडला. २९ मेच्या पहाटे इंग्रजांनी हल्ला चढवला, तो साफ फसला. माणसं, अधिकारी मारले गेले आणि उरलेले मागे आले. मग कुमक आली, उखळी तोफा आल्या. ११ जूनला एक गोळा दारूकोठारावर पडला आणि आतल्या तटाचा तुकडाच्या तुकडा उडाला. १४ जूनला तीनशेच्या आसपास अरब बाहेर आले आणि त्यांनी हत्यारं खाली ठेवली.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही किल्ल्याची असू शकते. माझा जीव अडकला तो पुढच्या भागात.

बाहेर येण्याआधी अरबांच्या प्रमुखाने लेखी हमी मागितली होती. तोंडी नको, कागद द्या. कर्नलने कागद दिला, मराठीत. आणि तो लिहिणाऱ्या मराठी कारकुनाच्या हातून काहीतरी चुकलं. मजकूर असा झाला की कर्नलला जेवढं द्यायचं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दिल्यासारखा त्याचा अर्थ निघायला लागला. आता काय? अरब तर निःशस्त्र होऊन बाहेर उभे. कागद फाडला असता तर कोण विचारणार होतं? प्रकरण एल्फिन्स्टनकडे गेलं. त्याने संशयाचा फायदा अरबांना दिला. त्यांच्या गरजा भागवल्या, थकलेला पगार चुकता केला, त्यांना सुरतेला नेलं आणि तिथून अरबस्तानात पाठवलं. कागदात जे निघतंय ते द्यायचं, कारकून आपला होता.

एल्फिन्स्टन काही संत नव्हता. राज्य नवं होतं, गावोगावी शस्त्रधारी लोक होते, आणि 'यांच्या कागदावर विश्वास ठेवता येतो' ही बातमी पसरणं त्याला दहा तोफांपेक्षा स्वस्त पडणार होतं. असं मला वाटतं. पण तरी, निर्णय त्याने घेतला हे खरंच.

"यार," कोल्हापूरकरीण म्हणाली, "म्हणजे इंग्रजांचं इथलं राज्य एका टायपोवर सुरू झालं."

फिलाडेल्फियाचे कारकून

टायपो म्हटल्यावर मला फिलाडेल्फिया आठवलं. २०२३ मध्ये मी तीन महिने ऑनसाइट होतो. शनिवारी करायला काही नसायचं, म्हणून इंडिपेंडन्स हॉलला दोनदा गेलो. साधी विटांची इमारत आहे, आपल्या जुन्या हायस्कुलासारखी. इथेच १७७६ च्या जुलैमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि इथेच १७८७ च्या उन्हाळ्यात खिडक्या लावून, चार महिने वाद घालून राज्यघटना लिहिली गेली. समोरच ती तडा गेलेली लिबर्टी बेल. तिच्यावर पेन्सिल्व्हेनिया हे नाव एक 'एन' गाळून लिहिलंय. मी बोट दाखवलं तर तिथला माणूस हसला. तेव्हा दोन्ही स्पेलिंग चालायची, आणि घटनेच्या शेवटी सह्यांच्या शेजारी राज्यांची नावं आहेत तिथेही हाच 'एन' गायब आहे. ती नावं लिहिणारा अलेक्झांडर हॅमिल्टन, म्हणजे घटना तयार करणाऱ्यांतलाच एक!

घटनेची चार मोठी चर्मपत्रं सुवाच्य अक्षरात उतरवून काढली जेकब शॅलस नावाच्या कारकुनाने. मसुदा शनिवारी पक्का झाला आणि सह्या सोमवारी, १७ सप्टेंबरला. म्हणजे बिचाऱ्याचा वीकएण्ड गेला. (आपल्यातल्या प्रत्येकाला हे दुःख कळेल.) मोबदला, ३० डॉलर. आणि त्याच्याकडूनही चुका झाल्या. काही शब्द ओळींच्या मधे घुसवावे लागले, काही खरवडावे लागले. मग त्याने काय केलं? शेवटी एक छोटा परिच्छेद लिहिला की अमुक पानावर अमुक ओळीत अमुक शब्द नंतर घातला आहे. तो शुद्धिपत्राचा परिच्छेद आजही मूळ घटनेवर आहे. जगातली सगळ्यात जास्त दिवस चाललेली लिखित राष्ट्रीय घटना, आणि तिच्यावर कारकुनाची दुरुस्ती तशीच!

घटनेचं कौतुक करताना एक आठवण ठेवायला हवी, की त्याच कागदात गुलामांची मोजदाद माणशी तीन-पंचमांश धरली होती. 'आम्ही लोक'मध्ये बरेच लोक नव्हतेच. ती चूक कारकुनाची नव्हती, आणि ती खरवडून काढायला यादवी युद्ध व्हावं लागलं. महात्मा फुल्यांनी थॉमस पेन वाचला होता, आणि १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना अमेरिकेतलं नेमकं काय उचलायचं ते कळलं होतं. आणि त्याच यादवीत अमेरिकेचा कापूस अडकून पडला तेव्हा खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे माझ्या गॅझेटियरवाल्या ज्ञानातलं अजून एक. हे ऐकून मालेगावकरने मला कबाब खायला घालून गप्प केलं.

एक मात्र त्याला खरंच आवडलं. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात ज्या चहाच्या ३४२ पेट्या लोकांनी पाण्यात फेकल्या तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. तीच कंपनी जिने मालेगावला वेढा घातला. आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला जॉर्ज वॉशिंग्टनपुढे ज्याच्या फौजेने हत्यारं टाकली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. तिकडे हरलेला मॅनेजर इकडे प्रमोशनवर! त्याची कबर गाझीपूरला आहे.

"म्हणजे क्लायंट आणि आपण एकाच कंपनीला पिडलेले," मालेगावकर म्हणाला.

पिशवीतली माणसं

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर चाचांनी प्लास्टिकची पिशवी काढली. मी पाहुणा, त्यात 'अमेरिकेला जाऊन आलेला', म्हणजे मला कागदपत्रांतलं कळत असणार असा त्यांचा समज.

चाचा-चाचींना उमराला जायचंय. चाचींचा पासपोर्ट झाला. चाचांचा अडकला. कारण त्यांचं नाव. उर्दू शाळेच्या दाखल्यावर ते एका तऱ्हेने लिहिलंय, रेशनकार्डावर दुसऱ्या, आधारवर तिसऱ्या. उर्दूत एकच नाव आहे. पण ते मराठीत लिहिताना कुणी 'मोहम्मद' लिहिलं, कुणी 'मोहंमद', कुणी घाईत नुसतं 'मो.' आणि टिंब. मग त्याचं इंग्रजी करताना प्रत्येकाने आपापली भर घातली. या तीन माणसांपैकी चाचा नेमके कोण, असा प्रश्न एका कचेरीत त्यांना विचारला गेला होता. सहा महिने, आठ खेपा.

"मग राजपत्रात नावबदल करून घ्या ना," मी म्हणालो. मला वाटलं फार हुशारीचं बोललो.

"बेटा," चाचा म्हणाले, "नाव बदललं असेल तर माणूस बदल करेल. माझं नाव बापाने ठेवलं तेच आहे. बदललं त्यांनी, लिहिताना. मी का सही करू की मी बदललं?"

मालेगावकर खाली बघत होता. हे भांडण घरात बरेच दिवस चालू असणार हे उघड होतं. त्याचं म्हणणं सरळ, अब्बा, एक फॉर्म भरा, फी भरा, विषय संपवा. प्रॅक्टिकल माणूस आहे तो, प्रॉडक्शनमध्ये बग आला तर आधी वर्कअराउंड देतो, कारण नंतर शोधतो. आणि चाचांना वर्कअराउंड नको होता.

चाची चहा घेऊन आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "यांना जायचंच नाहीये, मला माहितीये." मग सगळे हसले आणि जरा हवा मोकळी झाली.

मी त्यांना किल्ल्याच्या कागदाची गोष्ट सांगितली. अरब, कर्नल, मराठी कारकून, एल्फिन्स्टन. मग शॅलस आणि गायब झालेला 'एन'. चाचांनी कानामागे हात धरून सगळं ऐकलं.

"त्या 'एन'वाल्याला कुणी ॲफिडेव्हिट आणा म्हणालं नाही?"

"नाही."

"आणि किल्ल्यातल्या लोकांना? चूक कारकुनाची होती तरी यांना मिळालं?"

"मिळालं."

"तो साहेब," चाचा म्हणाले, "आता कुठल्या खिडकीवर बसतो?"

घरपट्टी

रविवारी सकाळी कॅम्पात गेलो. मालेगावात तुम्ही पुलाच्या या बाजूला असता किंवा त्या बाजूला. कॅम्प हे नाव इंग्रजांच्या छावणीचं, आणि तिकडे मराठी वस्ती जास्त. त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि मोहरमची दहावीही, दोन्ही ६ जुलैला. एकीकडे विठ्ठलाच्या देवळापुढे रांग, दुसरीकडे सबिलींवर गर्दी. कोल्हापूरकरणीचा उपास, म्हणून चाचींनी तिला बांधून दिलेली केळी आणि खजूर ती देवळासमोरच्या कट्ट्यावर बसून खात होती.

वेढा उठल्यावर या भागाचा कारभार कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या माणसाकडे आला. मालेगाव तेव्हा खानदेशात होतं, नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधी १८६३ साली इथे नगरपालिका आली, पण त्या काळच्या नगरपालिका म्हणजे साहेबाने नेमलेली मंडळी. लोकांनी कुणाला निवडून देण्याचा प्रश्न आला तो लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर. १८५७ नंतर उत्तरेतून विणकरांचे तांडे येऊन इथे स्थिरावले होते, हातमागाचं गाव वाढत होतं, कर देत होतं. १९२१ मध्ये खिलाफतीच्या दिवसांत इथे दंगा झाला, एक पोलीस अधिकारी मारला गेला, आणि पुढच्या वर्षी येरवड्यात मालेगावच्या माणसांना फाशी झाली. त्यांचं स्मारक शहरात आहे. त्याबद्दल गावातल्या दोन माणसांना विचारलं तर दोन वेगळ्या गोष्टी ऐकायला मिळतात, हे मी स्वतः अनुभवलं.

२००१ मध्ये महापालिका झाली. पण आम्ही गेलो तेव्हा तिच्या सभागृहात कुणीही निवडून आलेलं नव्हतं. २०१७ च्या नगरसेवकांची मुदत २०२२ च्या मध्यावर संपली, आणि ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात राज्यातल्या जवळपास सगळ्याच निवडणुका अडकल्या. तीन वर्षं प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात निवडणुका घ्या म्हणून बजावलं होतं, पण तारीख कुणाला माहीत नव्हती. चाचांनी पिशवीतून घरपट्टीच्या पावत्याही दाखवल्या होत्या. त्यांच्यावरच्या नावाला मात्र कुणाची कधीच हरकत आली नव्हती! पैसे घेताना स्पेलिंग बघत नाहीत.

अमेरिकेचा १७७६ चा जाहीरनामा तुम्ही कधी पूर्ण वाचलाय का? सुरुवातीचं भारी वाक्य सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा बराचसा भाग म्हणजे राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे, एकामागून एक, अगदी सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचतात तशी. आमच्या मान्यतेशिवाय कर लावतो. लोकांच्या सभा बरखास्त करतो. आणि बरखास्त केल्यावर बराच काळ नव्या निवडणुका घेऊच देत नाही. मी हे कॅम्पातल्या कट्ट्यावर फोनवरून वाचून दाखवलं.

"क्लायंटला मेल टाकू?" मालेगावकर म्हणाला. "सेम इश्यू, प्लीज शेअर रेझोल्यूशन."

त्यांचं रेझोल्यूशन सात-आठ वर्षांचं युद्ध होतं. त्यामुळे मेल टाकला नाही.

दुपारी निघालो. मनमाडच्या पुढे पाऊस आला, येवल्याला पैठण्यांच्या दुकानात कोल्हापूरकरणीने एक तास घालवला, आणि सोमवारी सकाळी क्लायंटचे लोक आतषबाजीचे फोटो शेअर करत होते. मी किल्ल्याचा टाकला, मागे वाळत घातलेल्या कपड्यांसकट. कुणीतरी 'ऑसम!' लिहिलं.

निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला, ८४ नगरसेवकांसाठी. त्या दिवशी दुपारी मालेगावकरने ग्रुपवर दोन फोटो टाकले. एक मतदानाच्या चिठ्ठीचा. त्यावर चाचांचं नाव होतं, आतापर्यंत कुठल्याच कागदावर नव्हतं असं, चौथ्याच तऱ्हेने. दुसरा चाचांच्या शाई लावलेल्या बोटाचा.

"अडवलं नाही?" मी विचारलं.

"मोहल्ल्यातलाच पोरगा होता यादी घेऊन. म्हणाला, चाचा, आत जा."

पासपोर्टचं अजून झालेलं नाही. चाचींनी मार्चमध्ये बहिणीबरोबर उमरा करून घेतला. येताना आमच्यासाठी खजूर आणले, ते ऑफिसात पोहोचेपर्यंत निम्मे कोल्हापूरकरणीने संपवले होते.